ईशान्येचे बारा तुकडे

"आधी बाणांची तोंडं बघा. सगळी एकीकडे झाली, की मग मला हाक मारा. तोवर मी मेलो असं समजा."

शिराळकर सरांचं हे वाक्य त्या सकाळी गाडीत मी मनातल्या मनात घोळवत होते. मनातल्या मनातच, कारण सोमवार होता, आणि सोमवारी सूर्य मावळेपर्यंत माझं मौन असे.

गाडी फिरोज मुल्ला चालवत होता. आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात तो ड्रॉइंगं काढायचा आणि उरलेल्या वेळात बोलायचा. उरलेला वेळ पुष्कळ असायचा.

"ताई, तुम्ही गप्प असला की मला दोघांचं बोलावं लागतंय," तो म्हणाला. "माझा मीच प्रश्न विचारायचा, माझं मीच उत्तर द्यायचं. घरी जाईस्तोवर जबडा दुखतोय बघा."

मी हसले. हसण्याला मोकळीक होती. लिहिणं मात्र नाही, हातवारेही नाहीत. लिहिणं म्हणजे हातानं बोलणं, असं माझी आई सांगत असे. मान हलवण्याची तेवढी सूट मी स्वतःला दिली होती. नोकरी करायची होती ना.

आदल्या मार्गशीर्षात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू टेकू लागला, डावा हात चांगला चालायचा, पण वाचा गेली ती गेलीच. जी बाई सकाळी दूधवाल्यापासून सुरू करून रात्री गच्चीतल्या मांजरापर्यंत सगळ्यांशी बोलायची, ती आता खुर्चीत बसून आमच्या तोंडाकडे बघत राही. मी महादेवाला म्हटलं, माझे सोळा सोमवार घे, उपासाचे आणि मौनाचे, आणि त्यांचं बोलणं त्यांना परत दे. मध्ये एक मोडला तर पहिल्यापासून. तो सोमवार पंधरावा होता.

कामही महादेवाचंच होतं. आडमाळ नावाच्या गावात देवळाच्या गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची वाट होती, तिच्यावर गोल छत घालायचं होतं. बारा लोखंडी खांब, त्यांच्या डोक्यावर लोखंडाचं गोल कडं, आणि कड्यावर स्लॅब. खांब वर्षापूर्वीच उभे राहिले होते, कडंही चढलं होतं. मग मुंबईच्या एका देणगीदाराला वाटलं, की कॉम्प्युटरचा कागद असल्याशिवाय स्लॅब घालू नये. म्हणजे बांधकाम आधी आणि हिशेब मागाहून. आमच्या धंद्यात हे काही नवं नाही.

कॉम्प्युटरला अख्खं कडं एकदम कळत नाही. त्याचे लहान लहान तुकडे करून द्यावे लागतात. मी अठ्ठेचाळीस केले. प्रत्येक तुकड्याला दोन टोकं, त्यांना नोड म्हणतात. पहिलं टोक कुठलं आणि दुसरं कुठलं, हे आपण सांगायचं, आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणारा एक बारीक बाण पडद्यावर दिसतो. त्या बाणांची तोंडं एका दिशेला हवीत, यावर शिराळकर सरांचा जेवढा विश्वास होता तेवढा माझा कशावरही नसेल. देवावर त्यांचा नव्हताच, त्यामुळे सगळा इकडे वापरला होता.

पण सर त्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी हैदराबादला होते, आणि आडमाळच्या मंडळींना गुरुवारी स्लॅब ओतायचा होता. फोनवर सरांनी एवढंच विचारलं, "बाण बघितले?"

बघितले होते. अगदी नीट. नंदीपासून निघून सगळे कसे शहाण्यासारखे चालले होते. मला काही खटकलं नाही.

देवळाच्या आवारात पाच माणसं सतरंजीवर बसली होती. मधले फेटेवाले, ज्योतीराम चौगले, ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांना सगळे आबा म्हणत. शेजारी एक आडदांड गृहस्थ, तुटलेल्या कानांचे. ते केरबा पैलवान. एका बाजूला गॅस कटरवाला त्याची नळकांडी घेऊन बसला होता. जुनं रेलिंग कापायला त्याला बोलावलं होतं.

"ह्या आमच्या पाटगावकर ताई," फिरोज म्हणाला. "सगळं गणित ह्यांचं. फक्त एक हाय. जन्मापासनं बोलता येत न्हाई त्यांना."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"अरारारा!" आबांनी कपाळाला हात लावला. "आन् तरी एवढं शिकल्या?"

"लई हुशार. ऐकू मात्र सगळं येतंय, तवा जपून बोला."

नंतर कानाशी येऊन कुजबुजला, "मौन म्हटलं असतं तर विचारत बसले असते, कुठलं व्रत, गुरू कोण, फराळाला काय चालतं. मुकं म्हटलं, विषय संपला."

विषय संपला नव्हता. आवारातल्या बायका माझ्याकडे बघून चुकचुकत होत्या. एका आजींनी येऊन माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. मी मान खाली घातली. खोटं मी बोलले नव्हते, पण माझ्या नावावर ते जमा होत होतं.

पालखीच्या चौरंगावर लॅपटॉप ठेवून फिरोजनं चित्र सुरू केलं. स्लॅबचं वजन पडल्यावर कडं कसं वाकतं ते हलतं दिसायचं, खूप मोठं करून; खरं वाकणं नखाएवढंही नसतं. कडं खाली वाकायचं, पुन्हा सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं. पाचही माणसं पुढं सरकली.

"श्वास घेतंय की ओ," कोणीतरी म्हणालं.

"आन् हे का वर चाललंय?" केरबा पैलवानांनी पडद्यावर बोट टेकवलं. "सगळं खाली बसतंय. ह्यो एक कोपराच वर उठतोय."

खरंच उठत होता. शनिवारी मीही तो पाहिला होता, आणि एका बाजूनं दाबलं की दुसरी बाजू उचलते, तसं काहीतरी असेल अशी मनाची समजूत घातली होती.

"कुठली बाजू ही?" आबांनी विचारलं.

फिरोजनं ड्रॉइंग फिरवून फिरवून पाहिलं. "ईशान्य."

मग आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"ईशान कोण," ते हळू म्हणाले. "म्हादेवाची सोताची दिशा. आरं, देव आतनं टेकू देतोय लेकानो!"

पाचही जणांनी लॅपटॉपला हात जोडले. एकानं तर कीबोर्डावर चिमूटभर भंडारा टाकला, तो पुढं कित्येक महिने एंटरच्या बटणाखाली करकरायचा.

"ते राहू द्या," केरबा म्हणाले. "त्या बाजूच्या दोन खांबांवर भार किती येतोय, ते सांगा."

हा प्रश्न भक्तीतला नव्हता. ईशान्येचे ते दोन खांब पालखीच्या वळणावर होते. शिवरात्रीला वळताना पालखी तिथं अडकली आणि पैलवानांचं डोकं फुटलं. सात टाके. तेव्हापासून गावात खांब ठेवणारे आणि खांब काढणारे असे दोन तट पडले होते आणि एका लग्नात त्यांनी वेगवेगळ्या पंगती मांडल्या होत्या, हे फिरोजनं मला वाटेत सांगितलं होतं.

फिरोजनं तक्त्यावर बोट फिरवलं. "उणे चौदा."

"उणे म्हंजी?"

"म्हंजे भार येतच न्हाई. उलटा खांबच वर ओढला जातोय."

"मग खांब हाय कशाला तितं?" केरबा उठून उभेच राहिले. "देव छत धरतोय, खांबाला काम न्हाई, आन् आमी डोस्की फोडून घ्यायची?"

"ताई, उणेच हाय न्हवं?" फिरोजनं मला विचारलं.

आकडा तसाच होता. मी मान हलवली. त्या मानेचा मला अजून राग येतो.

"आज सोमवार, वर श्रावण. गॅसवाला हितं बसलाय," आबा म्हणाले. "कापा दोन्ही. गुरुवारी सलॅप."

कॉम्प्युटर काहीही म्हणो, वरून वजन ठेवल्यावर छत वर कसं उठेल? पण चूक कुठे होती ते दिसत नव्हतं. अशा वेळी मी एकच करते. चपला काढल्या आणि प्रदक्षिणेला लागले.

महादेवाची प्रदक्षिणा इतर देवांसारखी पूर्ण नसते. पिंडीवरचं पाणी ज्या गोमुखातून बाहेर पडतं, ते ओलांडायचं नाही. नंदीपासून निघायचं, देव उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडून, पश्चिमेकडून, उत्तरेच्या गोमुखापर्यंत जायचं, तिथून मागं वळायचं, आल्या वाटेनं नंदीपाशी यायचं, आणि मग उरलेला ईशान्येचा पाव भाग उलट बाजूनं चालून गोमुखाच्या पलीकडच्या काठापर्यंत जायचं. लहानपणापासून माझे पाय असेच चालत आले आहेत.

मी निघाले. दक्षिण, पश्चिम, गोमुख. वळले. नंदीपाशी आले. उलट बाजूनं ईशान्येकडे चार पावलं टाकली, आणि थांबले.

माझा उजवा हात बाहेर, शेताकडे होता. देव डाव्या हाताला आला होता.

कड्याचे तुकडे मी कॉम्प्युटरवर हातानं काढले होते, एकेका नोडवर टिचकी मारत, तोंडानं पंचाक्षरी म्हणत. नंदीपासून गोमुखापर्यंत छत्तीस. मग माझ्या बोटानं गोमुख ओलांडलं नव्हतं. ते मागं वळलं होतं, नंदीपाशी येऊन पुन्हा निघालं होतं, आणि उरलेले बारा तुकडे त्यानं दुसऱ्या बाजूनं काढले होते. बाण मी तपासले तेव्हा ते नंदीपासून निघून दोन्हीकडून गोमुखाशी येऊन थांबले होते, आणि माझ्या डोळ्यांना तेच बरोबर वाटलं. तीस वर्षं बरोबरच होतं ते.

ईशान्येचे बारा तुकडे उलटे होते. देव काही उचलत नव्हता.

मी धावत खांबापाशी गेले. गॅसवाल्यानं काळा चष्मा चढवला होता. फिरोजची बाही ओढली आणि जोरजोरात नकाराची मान हलवली.

"काय म्हणतायत मॅडम?" आबांनी विचारलं.

फिरोजनं माझ्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं. "हा नको म्हणतायत. तो पलीकडचा आधी."

मी पळत पलीकडच्या खांबाकडे गेले आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"हां, ह्योच," फिरोज म्हणाला. "ह्योच आधी."

"भक्ती बघा," एक बाई दुसरीला म्हणाली. "मुकी हाय, पर खांबाचासुदीक निरोप घ्यायलीय."

दोघीतिघींनी येऊन मला मायेनं सोडवलं आणि पदरानं माझा घाम पुसला. गॅसवाल्यानं ज्योत पेटवली. निळी, सुईसारखी, सूं सूं आवाज करणारी.

त्या क्षणी मला छत दिसलं नाही, पालखी दिसली नाही. खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघणाऱ्या सासूबाई दिसल्या. पंधरा सोमवार. एकच उरला होता.

"थांबा," मी म्हटलं.

कोणी थांबलं नाही. माझा आवाज मुळातच लहान, त्यातून सकाळपासून वापरलेला नव्हता. व्रत मोडलं, आणि ते कोणाला ऐकूसुद्धा गेलं नाही.

ज्योत खांबाला लागली. रंगाचा वास सुटला.

"थांबा!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं मी त्याआधी कधी ओरडले नव्हते, नंतरही नाही. "खांब कापू नका! छत पडेल!"

गॅसवाल्याच्या हातातली नळी खाली पडली. ती उचलून त्यानं ज्योत विझवली आणि मला दंडवत घातला.

पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. "मुकी बोलली!" अशी एक किंकाळी. घंटा. कुणीतरी माझ्या पायांवर पाणी घातलं. दोन नारळ फुटले, त्यातल्या एकाचं पाणी लॅपटॉपच्या दिशेनं उडालं आणि फिरोजनं तो छातीशी धरून पळ काढला. आबा हात जोडून माझ्यापुढं उभे होते, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"देवी," ते म्हणाले, "काय आज्ञा?"

"आबा, मी देवी नाही. मी मुकीही नाही. माझं मौन होतं."

"व्हय देवी."

"मौन! सोमवारचं! ह्यानं तुम्हाला खोटं सांगितलं."

"व्हय देवी. खांब ऱ्हाऊ द्यायचं न्हवं? ऱ्हायलं. तुमचा शबुद."

इथं गप्प बसले असते तर काम झालं होतं. खांब वाचले होते, छत वाचलं होतं, आणि माझी चूक शेंदराखाली कायमची झाकली गेली असती. शिवाय महादेवाच्या दारात मी मुकीची बोलती झाले असते. तेही कोणासाठी? घरी एक खरी मुकी बसली होती.

"नाही आबा," मी म्हटलं. "माझ्या शब्दावर ठेवू नका. का ठेवायचे ते ऐका. कॉम्प्युटरमध्ये मी चूक केलीय. बारा तुकडे उलटे घातलेत."

"मग देव उचलत न्हाई?"

"माझी चूक उचलतेय."

केरबा पैलवान एकटेच हात न जोडता उभे होते. त्यांना खांब जायला हवे होते आणि देवी आडवी आली होती. "उलटं म्हंजी कसं?" ते म्हणाले. "समजावून सांगा. आमी काय मेंढरं न्हाय."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्या आवारात विचारणारा तेवढा एकच माणूस होता.

"पैलवान, समजा तुम्ही कड्याचा एक तुकडा आहात. प्रदक्षिणेला उभे राहा. उजवा हात देवाकडे."

ते राहिले.

"कॉम्प्युटरला मी सांगितलंय, प्रत्येक तुकड्याचा उजवा हात देवाकडे हवा. आणि छताचं वजन तुकड्याच्या पायांकडे जाईल. आता तुमचं वजन कुठे जातंय?"

"पायाकडं. खाली."

"बरोबर. आता उलट्या दिशेनं चाला. पण उजवा हात देवाकडेच ठेवायचा."

केरबा मागच्या मागं चालायला लागले.

"तसं नाही. नाकासमोर चालायचं. तोंड उलट दिशेला."

ते वळले, तर उजवा हात शेताकडे गेला. पुन्हा वळले, तर तोंड चुकलं. लोक मदतीला आले. "हात मागनं घे", "वाकडा हो जरा", "डावाच उजवा समज". पैलवान स्वतःभोवती फिरून फिरून लाल झाले.

"जमत न्हाई," ते म्हणाले. आणि एकदम थांबले. "जमतंय. डोस्कं खाली केलं तर जमतंय."

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी धोतराचा काचा मारला, जमिनीवर हात टेकले आणि पाय वर फेकले. चाळिशीतला, शंभर किलोचा माणूस हातांवर उभा राहिला. उजवा हात होता तिथंच, देवाकडे. तोंड आपोआप उलट बाजूला झालं होतं. त्याच दिशेनं ते हातांवर तीन पावलं चालूनही गेले.

"आता," मी म्हटलं, "कॉम्प्युटर म्हणतोय, वजन पायांकडे. पैलवानांचे पाय कुठे आहेत?"

"आभाळात," आबा म्हणाले.

तेवढ्यात केरबांच्या बंडीच्या खिशातून तंबाखूची पुडी घसरली आणि पट्‌कन फरशीवर आपटली. सगळ्यांनी वाकून तिच्याकडे पाहिलं.

"पुडी पायाकडं गेली न्हाई," आबा सावकाश म्हणाले. "खालीच पडली."

"छतही खालीच पडेल, आबा. कॉम्प्युटरला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे."

"मी उतरू का?" केरबांनी खालून विचारलं.

फिरोजनं लांबूनच लॅपटॉप आणला. मी सगळ्यांसमोर ते बारा तुकडे निवडले आणि त्यांची तोंडं फिरवली. एका आज्ञेचं काम. अठ्ठेचाळीस बाण गोमुखावरून बिनदिक्कत गोल गेले. ते बघताना मी डोळे क्षणभर मिटले, आणि मग हिशेब पुन्हा लावला. ईशान्येचा कोपरा इतरांसारखाच खाली बसला. पाच माणसांचे चेहरेही बसले. त्या दोन खांबांवर बाकीच्या प्रत्येक खांबाइतकाच भार होता, तसूभर कमी नाही.

"पालखी लहान करा," केरबा धूळ झटकत म्हणाले. "दुसरं काय."

आबा फिरोजकडे वळले. "आन् तुमी वं? जन्मापासनं मुक्या म्हणं?"

"आबा, चुकलं. मला वाटलं, सोपं पडंल."

"सोपं!" आबा म्हणाले. "दोन नारळ फुटलं माझं!"

सरांना मी वाटेतूनच फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बोट वळलं? आपोआप?" मी म्हटलं, हो. "गेली बावीस वर्षं मी लोकांच्या चुका बघतोय," ते म्हणाले, "पण नियमानं केलेली चूक पहिल्यांदाच बघितली." मग म्हणाले, नात झाली.

फिरोज परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत बोलला नाही. खाली आल्यावर म्हणाला, "ताई, तुमचं आता पहिल्यापासनं?"

"हो."

"सोळा?"

"सोळा."

त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. गाडी चालू होती, म्हणून मी ओरडले. त्या दिवशीचं दुसरं ओरडणं.

घरी पोचले तेव्हा ऊन होतं. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. सोमवारी संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याजवळून गप्प वावरत असे. दूध देई, केस विंचरी, आणि मनात जप करी. त्या दिवशी मी पाट ओढून त्यांच्या पायांशी बसले आणि म्हटलं, "आई, माझा सोमवार मोडला."

त्यांनी चमकून पाहिलं. माझा आवाज त्यांनी त्या दिवशी, त्या वेळी अपेक्षिलाच नव्हता.

मला वाटलं होतं, मी रडेन. पण सांगायला लागले आणि मध्येच मला केरबा पैलवान दिसायला लागले. मग सगळं सविस्तर सांगितलं. फिरोजचं खोटं, मिठी मारलेला खांब, बायकांनी पुसलेला घाम. पुडी पडली तिथं आल्यावर सासूबाईंच्या नाकातून एक आवाज आला. मग खांदे हलले. मग त्या हसायला लागल्या, वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी गाळत, डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवत. आठ महिन्यांत त्या घरात तो आवाज नव्हता. हसणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मला कळत होतं.

हसू ओसरल्यावर त्यांनी खुणेनं भिंतीवरची दिनदर्शिका मागितली. मी काढून मांडीवर ठेवली. प्रत्येक सोमवारावर मी कुंकवाचं बोट लावलेलं होतं, पंधरा ठिपके. त्यांनी डाव्या हाताचं बोट एकेका ठिपक्यावर ठेवलं आणि प्रत्येक वेळी मान हलवली. नाही. नाही. नाही. पानं उलटून मागं गेल्या. नाही. पंधराही वेळा.

मला वाटलं, व्रत फुकट गेलं म्हणून हळहळतायत. "पुन्हा धरते ना आई," मी म्हटलं. "पुढच्या सोमवारपासून पहिला."

त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. जोरात. मग पुढच्या सोमवारच्या कोऱ्या चौकोनावर बोट दाबलं, तेच बोट उचलून माझ्या ओठांवर ठेवलं, आणि पाची बोटं एकदम उघडली.

मला समजायला फार वेळ लागला. घरात आम्ही तिघंच. यजमान रात्री येत. मी ऑफिसातून आले की त्यांच्याशी बोलणारं एकच तोंड होतं, आणि तेही आठवड्यातून एक दिवस मी देवाला देऊन टाकलं होतं. त्यांच्यासाठी म्हणून. त्यांना न विचारता.

"मौन नाही धरत," मी म्हटलं. "बोलेन. शपथ."

ह्याला आता एकोणीस वर्षं झाली. सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं होत्या. वाचा आली नाही. आडमाळचं छत जागेवर आहे. तिथं मुकी बोलली होती असं सांगणारे लोक अजून आहेत, आणि मी त्यांना पटवायचं सोडून दिलंय.

त्या मोडलेल्या सोमवारानंतरच्या सोमवारी मी ऑफिसातून रजा घेतली. पहाटे न्हाले, पिंडीवर बेल वाहिला, उपास धरला. तुळशीला पाणी घातलं तेव्हा उजाडत होतं. सासूबाई जाग्या होत्या, डोळे दाराकडे. मी त्यांच्या पाठीशी उशी लावली, चहाची बशी त्यांच्या डाव्या हातात दिली, आणि कॉटच्या कडेला बसून, यजमान जागे होऊ नयेत इतक्या हळू आवाजात, म्हटलं, "तर आई, आज दूधवाला काय म्हणत होता माहितेय का..."